खाजगी चावडी व मोकळी वाचा

शेतकऱ्याच्या घरी वार्ता येण्याचा मार्ग गेल्या दहा-पंधरा वर्षांत पार पालटला आहे. पूर्वी बाजारच्या दिवशी चार गावची माणसे भेटत, चावडीवर नोटीस लागे, दवंडी फिरे, आणि आठवड्याने का होईना वर्तमानपत्र हाती पडे. हल्ली भुसाराचा भाव, पावसाचा अंदाज, पिकावरील रोग, सरकारी अनुदान, सोसायटीच्या निवडणुकीचा प्रचार, किंबहुना गावातील मयताची खबरदेखील मोबाईलवर येते. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब व पूर्वी ट्विटर म्हणून ओळखले जाणारे एक्स या आजच्या चावड्या आहेत. फरक इतकाच की, जुनी चावडी गावाची होती. या नव्या चावड्या खाजगी कंपन्यांच्या मालकीच्या असून त्यांचे मालक सातासमुद्रांपलीकडे राहतात. तेथे कोणी काय बोलावे, आणि खोटे पसरले तर ते कोणी व कसे आवरावे, हा वाद शहरातील वकील व पत्रकार यांचा आहे, आपला नव्हे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम खोट्या वार्तेने काय होते ते पाहू. सन २०२० च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत कोंबडीचे मांस खाल्ल्याने कोरोनाचा रोग जडतो अशी वार्ता मोबाईलवरून देशभर पसरली. तिला शास्त्राचा काडीचाही आधार नव्हता. पशुसंवर्धन खात्याने व अनेक डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले. तथापि गिऱ्हाईक तुटावयाचे ते तुटलेच. जिवंत पक्ष्यांचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेला. खाद्य घालणे परवडेना म्हणून कित्येकांनी पक्षी फुकट वाटले, तर काहींनी ते जिवंतच खड्ड्यांत पुरले. कोंबडीचे खाद्य म्हणजे मका व सोयाबीन; म्हणजे ज्याच्या दारात एकही कोंबडी नव्हती अशा शेतकऱ्यालाही त्याची झळ लागली. ही वार्ता प्रथम कोणी लिहिली हे कोणास ठाऊक नाही, आणि नुकसानभरपाई मागावी तर प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव घालावे तेही ठाऊक नाही.

पैशाचे नुकसान भरून निघते. माणूस गेलेला परत येत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे असे संदेश त्या सुमारास मोबाईलवर फिरत होते, आणि हे परगावचे पाच जण त्या संशयास बळी पडले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खेडोपाडी भिक्षा मागून पोट भरले, त्यास खेड्यातच मरण आले, ही गोष्ट प्रत्येक गावकऱ्याने मान खाली घालावी अशी आहे.

इतके वाचल्यावर कोणीही सहज म्हणेल की, मग असले सर्व लिखाण सरसकट बंदच का करू नये? कोणा अधिकाऱ्यास किंवा कंपनीस अधिकार द्यावा, खोटे दिसेल ते पुसून टाकावे, म्हणजे झाले. हा उपाय दिसावयास सोपा आहे. पण त्यातील मेख अशी की, खोटे व खरे यांच्या अंगावर शिक्का मारलेला नसतो. वरील कोंबड्यांचेच उदाहरण पुढे नेऊ. सन २०२० ची वार्ता खोटी होती. त्यानंतर दहा महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, आणि तपासणीअंती तो बर्ड फ्लू असल्याचे ठरले. आता कल्पना करा की, पहिल्या वेळच्या नुकसानीने पोळून कोणी असा हुकूम काढला असता की, कोंबड्यांच्या रोगाविषयी जो जो मजकूर येईल तो तो अफवा समजून पुसावा. मग मुरुंब्याच्या पोल्ट्रीवाल्याने शेजारच्या गावास दिलेला इशारादेखील पुसला गेला असता. खोट्या वार्तेने बाजार बुडतो हे खरे. पण खरी वार्ता दाबली तर रोगच गावोगाव जातो.

चीन देशात असे प्रत्यक्षच घडले. वूहान शहरातील ली वेनलियांग नावाच्या नेत्रवैद्याने ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या सहाध्यायी डॉक्टरांच्या वीचॅटवरील मंडळीस एका नव्या फुप्फुसरोगाविषयी सावध केले. वीचॅट हेदेखील खाजगी कंपनीचेच माध्यम आहे. ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी त्यांस बोलावून, खोटे बोलून सार्वजनिक शांततेचा भंग केल्याबद्दल ताकीद दिली व कागदावर सही घेतली. पुढे त्याच रोगाने ७ फेब्रुवारी रोजी ते वारले. मार्चमध्ये ती ताकीद रद्द करण्यात आली. पण त्या वेळी रोग जगभर पोहोचला होता. ज्यास अफवा म्हणून दाबले तीच त्या घटकेची सर्वांत मोलाची खबर होती.

तेव्हा प्रश्न केवळ काय पुसावे एवढाच नाही. पुसणारा कोण आणि तो कोणत्या रीतीने पुसतो, हा खरा प्रश्न आहे.

पुसणारा एक तर कंपनी असेल. कंपनीची रीत मालकाच्या मर्जीवर चालते, हे अमेरिकेतील उदाहरणावरून दिसते. ट्विटरने ८ जानेवारी २०२१ रोजी तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते कायमचे बंद केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ती कंपनी ४४ अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि नोव्हेंबरात तेच खाते पुन्हा उघडले. यात कोणाचे बरोबर होते हा वाद आम्ही बाजूस ठेवतो. माणूस तोच, शब्द तेच. खरेदीखत झाले आणि कायमचा म्हटलेला निकाल दोन वर्षांच्या आत फिरला, एवढे ध्यानात घ्यावे. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिनेही जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेपुरती बाहेरच्या संस्थांकडून मजकुराची खातरजमा करून घेण्याची आपली पद्धत बंद करीत असल्याचे जाहीर केले. ज्या कोट्यवधी लोकांचा त्या मजकुराशी संबंध, त्यांस कोणी विचारले नाही.

कंपनीच्या हातून दुसरा दोष घडतो तो भाषेचा. ब्रह्मदेशात रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवरून द्वेष पसरविला गेला, त्या काळात, म्हणजे २०१५ च्या आरंभी, तेथील भाषेतील आक्षेपार्ह मजकूर तपासणारे अवघे दोन जण कंपनीजवळ होते, असे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने पुढे उघडकीस आणले. हिंसेस चिथावणी देण्यासाठी आपल्या माध्यमाचा वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसे केले नाही, असे कंपनीने स्वतःच २०१८ मध्ये कबूल केले. आमची अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी जाणणारे किती परीक्षक या कंपन्यांनी ठेवले असतील, याचा वाचकांनीच अंदाज करावा. ज्यास बोली कळत नाही, तो थट्टेला धमकी समजेल आणि धमकीला थट्टा.

पुसणारे दुसरे सरकार. सन २०२१ च्या आरंभी दिल्लीच्या वेशीवर शेतकऱ्यांचे आंदोलन चालू असता केंद्र सरकारने ट्विटरला अडीचशेहून अधिक खाती व मजकूर रोखण्याचा हुकूम दिला. सरकारचे म्हणणे असे की, सरकार शेतकऱ्यांचा संहार करू पाहते अशा आशयाचा खोटा व भडकाऊ मजकूर त्यांतून पसरत होता. तसा मजकूर होता हे खरे, आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्या यादीत ‘किसान एकता मोर्चा’ हे आंदोलकांचे मुख्य खाते व ‘कॅरव्हॅन’ या मासिकाचे खातेही होते. १ फेब्रुवारी रोजी ती बंद झाली आणि काही तासांत पुन्हा उघडली. नंतर सरकारने हजारावर खात्यांची आणखी यादी दिली, व ट्विटरने सर्व हुकुमांतील मिळून पाचशेंवर खात्यांवर कारवाई केल्याचे सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-क खाली असे हुकूम निघतात, आणि २००९ च्या नियमांप्रमाणे ते गुप्त ठेवावयाचे असतात. म्हणजे ज्याची वाचा बंद झाली, त्यास ती का बंद झाली हे बहुधा कळतच नाही. कायद्याचे विरोधक असोत वा समर्थक, शेतकऱ्याच्या नावाने बोलणारे खाते कोणत्या कारणासाठी बंद होते, हे जाणण्याचा अधिकार शेतकऱ्यास असला पाहिजे.

सरकारविषयी आणखी एक गोष्ट. सन २०२३ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त करून, सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा आहे हे ठरविणारा आपलाच एक तपासणी विभाग नेमण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात हे प्रकरण गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. आमच्या साध्या बुद्धीस हा निकाल पटतो. बांधाच्या तंट्यात ज्याचा बांध कोरल्याची तक्रार आहे, त्यानेच मोजणीदार व्हावे हे कोणत्या गावात चालते?

मराठी मुलखास या प्रश्नाचा आणखी एक धडा मिळालेला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद पडल्याविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल व त्यांस पसंती दर्शविल्याबद्दल पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उद्भवलेल्या श्रेया सिंघल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-क रद्द केले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, गुन्ह्यास चिथावणी आहे. केवळ अप्रियता नाही, आणि केवळ खोटेपणाही नाही. राईनपाड्याचा संदेश सुव्यवस्थेच्या सदरात बसतो. पालघरच्या चार ओळी बसत नाहीत. हा भेद सोडला तर कायदा आंधळा होतो.

आता कंपनीच्या बाजूचा मुख्य मुद्दा घेऊ, कारण तो पोकळ नाही. घटनेतील बोलण्याचा हक्क सरकारविरुद्ध आहे, खाजगी इसमाविरुद्ध नाही. माझ्या वाड्यात कोणी काय बोलावे हे मी ठरवीन, असे कंपनी म्हणते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १ जुलै २०२४ रोजी, टेक्सास व फ्लोरिडा राज्यांच्या कायद्यांची प्रकरणे फेरविचारार्थ खाली पाठविताना, कोणता मजकूर ठेवावा व कसा मांडावा ही निवड म्हणजे एका प्रकारे कंपनीचे स्वतःचे बोलणेच होय, अशा अर्थाचे मत मांडले. जमिनीच्या मालकीची किंमत शेतकऱ्याइतकी कोणास कळणार? मालकाचा हक्क आम्हीही मानतो.

परंतु त्याच शेतकऱ्यास हेही ठाऊक आहे की, मालकी म्हणजे सर्व काही नव्हे. एखाद्याच्या गटातून पिढ्यान्‌पिढ्या गाडीवाट असेल, आणि मागील दहा शेतांस दुसरी वाट नसेल, तर सातबारावर नाव असलेला मालकही ती नांगरू शकत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार अडथळा दूर करण्याचा हुकूम देतो. तशीच वाटसरूलाही मोकळीक नाही; वाट सोडून त्याने उभ्या पिकात बैल घातले तर मालकाने ते हाकलावे, हे रीतसरच आहे. कोट्यवधी लोकांची ये-जा जेथून होते ती समाजमाध्यमे आता अशा वाटा झाल्या आहेत. जमीन कंपनीची, वहिवाट लोकांची. मालकाने पीक राखावे; वाट बुजवू नये. आणि वाट बंद करणे अपरिहार्यच झाले, तर ते रीतीने करावे.

रीत कोणती, याचा शोध घेण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. ज्याची उभी नोकरी महसुली दप्तरात गेली, त्यास ती फेरफाराच्या नोंदवहीत दिसते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी, ज्यांस हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार लिहितो. त्याची नक्कल चावडीत लावतो. हितसंबंधी इसमांस लेखी नोटीस देतो. कोणी हरकत घेतली तर तिची पोच मिळते व ती तक्रारींच्या नोंदवहीत चढते. लिहिणारा एक असतो, आणि नोंद प्रमाणित करणारा दुसरा. निकाल लेखी असतो, व त्यावर अपील चालते. आणखी एक गोष्ट सामान्यतः कोणाच्या ध्यानात येत नाही, ती ही की, नामंजूर झालेली नोंद फाडून टाकीत नाहीत. ती वहीत तशीच राहते, शेरा तिच्याशेजारी येतो, आणि पन्नास वर्षांनीही वाचणाऱ्यास कळते की असे म्हणणे होते व ते अमुक कारणाने फेटाळले गेले. या रीतीत दिरंगाई आहे, दोष आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. तरी अर्ध्या गुंठ्याच्या नोंदीस जेवढा आधार आहे, तेवढा माणसाच्या वाचेस असू नये, हे आश्चर्य नव्हे काय?

म्हणून आमचे म्हणणे चार कलमांत असे. पहिले, मजकूर रोखताना लिहिणाऱ्यास नोटीस व कारण मिळावे, मग रोखणारी कंपनी असो वा सरकार. दुसरे, खोट्या ठरलेल्या मजकुरावर शक्यतो शेरा मारावा, तो नाहीसा करू नये. ज्यातून थेट रक्तपात होईल तेवढाच तत्काळ उतरवावा. तिसरे, अपील ऐकणारा हा पुसणाऱ्याहून निराळा असावा. २०२१ च्या नियमांनी कंपन्यांस तक्रार-अधिकारी नेमणे भाग पडले, व जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने तीन अपील समित्या स्थापिल्या. हे पाऊल पुढचेच होय. पण या समित्या सरकारनेच नेमलेल्या असल्याने, सरकारी हुकुमांविरुद्ध स्वतंत्र दाद मिळण्याची जागा ती नव्हे. चौथे, काय रोखले, किती रोखले व कोणाच्या सांगण्यावरून, याची वही लोकांस पाहावयास खुली असावी.

यावर आक्षेप येईल की, फेरफारास महिना लागतो आणि अफवा तासात पाच तालुके ओलांडते. नोटीस निघेपर्यंत राईनपाडा घडून जाईल. आक्षेप खरा आहे. परंतु बोलण्याचा हक्क निराळा आणि दवंडीचा हक्क निराळा, हे ओळखले तर त्याचे उत्तर सापडते. कोणीही काहीही म्हणावे; पण ते एका बोटाने हजार घरी पोहोचविण्याची सोय मिळणे हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. व्हॉट्सॲपवरील मजकूर कंपनीस वाचता येत नाही. तरी जुलै २०१८ नंतर तिने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता यावा असे केले, व असे संदेश त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले असे कंपनीने सांगितले. यात कोणाचे तोंड बंद झाले नाही, कोणाचे मत तपासले गेले नाही. फक्त दवंडीचा वेग कमी झाला. पाटाचे पाणी शेत फोडू लागले म्हणजे शहाणा शेतकरी विहीर बुजवीत नाही. दारे लहान करतो.

शेवटी आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १८६७ च्या कायद्यापासून छापील कागदावर छापणाऱ्याचे नाव व ठिकाण घालावे लागत आले. त्या कायद्याने सरकारने पत्रांवर नजर ठेवली हे खरे. पण वाचकासही कळले की, या शब्दांची जबाबदारी कोणाची. मोबाईलवरील पुढे ढकललेल्या संदेशास असे नाव नसते. तेव्हा तो जो पुढे धाडतो, त्याने आपणच त्याचे प्रकाशक आहो असे समजावे. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो, मुदत पाहतो, पावती मागतो. औषध, बाजारभाव, कर्जमाफी, चोरांची टोळी किंवा परधर्मीयांची आगळीक यांविषयी संदेश आला, तर तो कोणाचा, केव्हाचा, आणि खातरजमा कोणी केली, हे तीन प्रश्न विचारण्यास पिशवी पाहण्याहून अधिक वेळ लागत नाही. उत्तर मिळाले नाही तर संदेश तेथेच थांबवावा. आमच्या सहकारी सोसायट्यांनी व ग्रामपंचायतींनीही अशा वार्तांची खातरजमा तालुक्याच्या कचेरीतून करून आपल्या फलकावर लेखी लावण्याचा परिपाठ ठेवावा.

कायदा सरकारने सुधारावा, वही कंपनीने उघडावी. पण अफवेचा शेवटचा बांध शेतकऱ्याच्या हातात आहे. तो त्याने घातला नाही, तर दुसरे कोणी येऊन विहिरीवरच कुलूप लावील, आणि तेव्हा खोट्याबरोबर खरे पाणीही मिळणार नाही. इत्यलम्.